घोडेस्वारी हा स्वाराचाही व्यायाम आहे काय?

मुलुंडकर (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९.१०

माझे वय ४७, वजन ७४ किलो आणि नोकरी बँकेतील. म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्चीत आणि अडीच तास लोकलमध्ये जातात. गेल्या वर्षी रक्तातील साखर सीमारेषेला टेकली, तेव्हा डॉक्टरांनी नियमित व्यायाम करण्यास सांगितले. मी व्यायामशाळेचे वर्षाचे पैसे एकरकमी भरले आणि तेथे एकूण अकरा वेळा गेलो. पुढे एका मित्राच्या आग्रहावरून महालक्ष्मीला घोडेस्वारीच्या शिकवणीत नाव घातले आणि आश्चर्य म्हणजे, गेले चार महिने आठवड्यातून दोनदा, पहाटेची लोकल पकडून आणि दादरला गाडी बदलून, मी एकही दिवस न चुकवता जात आहे.

अडचण अशी झाली की कार्यालयातील एका सहकाऱ्याने सर्वांसमोर विचारले, "धावतो घोडा, घाम येतो घोड्याला, मग व्यायाम तुमचा कसा?" मला उत्तर देता आले नाही. पहिल्या आठवड्यात दादरच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना मांड्यांच्या आतल्या बाजूला जो ठणका लागला, तो काहीच न करता लागला नव्हता, एवढे मी शपथेवर सांगू शकतो. मात्र चार महिन्यांत वजनकाटा हलला तो जेमतेम दीड किलोने. शिकवणी पाऊण तासाची असते. त्यात साधारण २० मिनिटे साधी चाल, २० मिनिटे दुडकी आणि अलीकडे शेवटची ५ मिनिटे कँटर, म्हणजे दुडकीहून वेगाची पण भरधाव नसलेली दौड. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम यातून होतो असे धरावे, की मी केवळ एक महागडी हौस भागवत आहे? जाणकारांनी थट्टा बाजूला ठेवून उत्तर द्यावे, ही विनंती.


धावता_धोटा | रविवार, रात्री १०.०२

थट्टा बाजूला ठेवतो आणि हिशोब मांडतो. मी स्वतः धावणारा आहे, त्यामुळे माझा कल कोणत्या बाजूला असेल हे वाचकांनी गृहीत धरावे.

शारीरिक हालचालींना किती ऊर्जा लागते याची जी सूची संशोधक वापरतात, तिच्या २०११ सालच्या आवृत्तीत घोडेस्वारीचे वेगवेगळे आकडे दिलेले आहेत. एकक आहे मेट. शांत बसलेल्या माणसाचा खर्च तो १ मेट, आणि ढोबळमानाने १ मेट म्हणजे दर किलो वजनामागे ताशी १ कॅलरी. घोडा साध्या चालीने जात असता स्वाराचा खर्च ३.८ मेट, दुडकीत ५.८, कँटर किंवा भरधाव दौडीत ७.३ आणि अडथळ्यांवरून उड्या घेताना ९. आता आपली ७४ किलोंची मूर्ती या आकड्यांत बसवू. २० मिनिटांच्या चालीत सुमारे ९४ कॅलरी, २० मिनिटांच्या दुडकीत सुमारे १४३ आणि ५ मिनिटांच्या कँटरमध्ये ४५. एकूण २८० च्या आसपास. तेवढाच पाऊण तास आपण झपझप चालला असता तर सुमारे २४० खर्च झाल्या असत्या, आणि ताशी ८ किलोमीटरच्या संथ गतीने धावला असता तर सुमारे ४६०.

तात्पर्य, आपली घोडेस्वारी झपझप चालण्यापेक्षा थोडी अधिक आणि धावण्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. आठवड्याच्या दोन शिकवण्यांत होणारा खर्च वडापावच्या दोन जोड्यांपुढे टिकणार नाही. वजन कमी झाले नाही याचे आश्चर्य वाटू नये. झाले त्या दीड किलोचे श्रेय मी पहाटे दादरचा पूल धावत ओलांडण्याला देईन.


मुलुंडकर | रविवार, रात्री १०.२०

हिशोब मान्य आहे. पूल मी धावत ओलांडतो हे आपल्याला कसे कळले, हे मात्र कळले नाही.


फिजिओ_विद्या | सोमवार, सकाळी ७.१५

धोटा यांचे गणित बरोबर आहे, पण त्यांनी केवळ एकाच काट्यावर माप घेतले आहे. मी फिजिओथेरपिस्ट असून माझ्याकडे पाठदुखीचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांच्यात आठ तास खुर्चीत व अडीच तास लोकलमध्ये घालवणाऱ्यांचाच भरणा असतो. म्हणून चार शब्द सविस्तर लिहिते.

घोडा साध्या चालीने चालत असताना त्याची पाठ एकाच वेळी वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलत असते. ही हालचाल स्वाराच्या कटीला जशीच्या तशी मिळते, आणि गमतीची गोष्ट अशी की माणूस स्वतः चालताना त्याच्या कटीची जी हालचाल होते, तिच्याशी ती बरीच मिळतीजुळती असते. कटी हलत असताना धड आणि डोके स्थिर राखायचे असेल, तर पोटाचे खोलवरचे स्नायू, कण्याच्या दोन्ही बाजूंचे लहान स्नायू आणि नितंबांचे स्नायू यांना प्रत्येक पावलागणिक किंचित आखडावे आणि पुन्हा सैल व्हावे लागते. हे काम बारीक असते, अखंड चालू असते आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही. आपल्या सहकाऱ्याला ते दिसले नाही यात त्यांचा दोष नाही. उत्तम स्वार तर अधिकच स्वस्थ दिसतो. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत भारताच्या चमूने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली व हालचाली करवून घेण्याच्या प्रकारात, सुवर्णपदक मिळवले, घोडेस्वारीतील ४१ वर्षांनंतरचे पहिले. त्या चमूतील हृदय छेडा आपल्या मुंबईचे. ती चित्रफीत अवश्य पाहा. स्वार काहीच करत नाही असे वाटते, आणि ते तसे वाटावे यासाठीच त्याला सारा खटाटोप करावा लागतो.

दुडकीचे गणित वेगळे आहे. दुडकीत घोड्याचे समोरासमोरच्या कोनांतील पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा, जोडीने पडतात, आणि प्रत्येक जोडीला स्वार वर उडतो. हे धक्के चुकवण्यासाठी नवशिक्याला एका ठोक्याला रिकिबीत (पाय ठेवण्याच्या कडीत) उठायला आणि दुसऱ्याला हलकेच बसायला शिकवतात. मिनिटाला पाऊणशेच्या आसपास उठबशा होतात, म्हणजे १० मिनिटांत साडेसातशे. अर्थात या व्यायामशाळेतील बैठका नव्हेत. उठण्यासाठी लागणारा निम्मा जोर घोड्याची पाठच पुरवते आणि गुडघाही फार वाकत नाही. तरीही मांड्या, पोटऱ्या आणि श्वास यांना हे काम नक्की जाणवते.

आता मुलुंडकरांच्या ठणक्याविषयी. पहिल्या आठवड्यातील तो ठणका व्यायामाचा पुरावा म्हणून आपण पुढे केला आहे, पण तो बहुतांशी चुकीच्या व्यायामाचा पुरावा आहे. घाबरलेला माणूस घोड्याला गुडघ्यांनी आणि मांड्यांनी आवळून धरतो. त्यामुळे मांडीच्या आतले स्नायू ताठून राहतात, स्वार उलट वर सरकतो आणि अधिकच डळमळतो. घोडाही ती पकड म्हणजे पुढे जाण्याची खूण समजून वेग वाढवतो. चार महिन्यांनी तो ठणका आता होत नसेल, तर व्यायाम कमी झाला असे समजू नका.


जुना_रिसालदार | सोमवार, सकाळी ११.४०

विद्याताईंनी जे शास्त्राच्या भाषेत सांगितले त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, 'मांड', म्हणजे घोड्यावरची पक्की बैठक. आम्हाला महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या अश्वपथकात शिकवणारे निवृत्त दफेदार दोन महिने दुसरे काही बोललेच नाहीत. रिकिबी काढून टाकायच्या, लगाम घोड्याच्या मानेवर गाठ मारून ठेवायचा, घोडा लांब दोरीने काव्यावर धरायचा आणि आम्ही हात पसरून, कधी डोळे मिटून, गोल फिरत राहायचे. (काव्यावर धरणे हा शब्द आता रायडिंग शाळांतून गेला आहे, सगळे लंजिंग म्हणतात, जुना शब्द टिकावा म्हणून मुद्दाम वापरला.) रिकिबीत पाय नसले की घोड्याला आवळून धरण्याचा उपयोग होत नाही हे दहा मिनिटांत कळते, आणि मग शरीर निमूटपणे दुसरा मार्ग शोधते, तो मार्ग पोटाकडून आणि कंबरेकडून जातो. राज्यावर मांड बसणे हा वाक्प्रचार ज्यांनी घडवला त्यांना हे शरीराने ठाऊक होते.

माझ्या मते मुलुंडकरांनी आपल्या शिक्षकांना महिन्यातून एक शिकवणी बिनरिकिबीची मागावी. धोटा यांच्या सूचीत तिचा वेगळा आकडा नसेल, पण दुसऱ्या दिवशी खोकताना पोट कोठे कोठे आहे ते समजते.

एक सूचना मात्र कळकळीची. शिरस्त्राण हनुवटीखाली पट्टा लावून घालावे, नुसते डोक्यावर ठेवू नये. घोडा खांद्यापाशी दीड मीटरहून उंच असला, तर त्यावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे अडीच मीटरवर जाते. आमच्या वेळी आम्ही खाकी टोपीत शिकलो, आणि त्यात शौर्य काहीच नव्हते.


रिकामी_रिकीब | सोमवार, दुपारी २.०५

मी सहा वर्षे घोडेस्वारी करते आहे, त्यामुळे धोटा यांच्या आकडेवारीत एक भर घालते. मनगटावरच्या घड्याळावर अजिबात विश्वास ठेवू नका. माझे घड्याळ घोड्याची पावले माझी म्हणून मोजते. एका पाऊण तासाच्या शिकवणीनंतर त्याने मला हजारो पावले चालल्याबद्दल शाबासकी दिली होती, आणि मी त्यातील एकही टाकले नव्हते. छातीला बांधायचा पट्टा मात्र नाडीचे ठोके बऱ्यापैकी खरे सांगतो.

दुसरे असे की, मुलुंडकर घोड्यावर बसतात आणि उतरून निघून जातात, असे त्यांच्या लिहिण्यावरून दिसते. खरा व्यायाम त्यांनी मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या मामांना, देऊन टाकला आहे! घोड्याला खरारा करणे, ब्रशने धूळ काढणे, खूर उचलून टोकदार हुकाने साफ करणे, खोगीर उचलून पाठीवर ठेवणे, तंग आवळणे, या कामांसाठी त्याच सूचीत साडेचार मेट दिलेले आहेत, म्हणजे साध्या चालीने घोड्यावर बसून जाण्यापेक्षा जास्त. शिवाय ते दोन्ही हातांनी, उभे राहून आणि वाकून करायचे काम आहे. घोड्यावर बसून खांद्यांना आणि दंडांना जे मिळत नाही ते येथे मिळते. अर्धा तास आधी जा आणि तेथल्या मामांना सांगा की मला शिकवा. सुरुवातीला ते संकोचाने 'राहू द्या साहेब' म्हणतात, पण दोन-तीन वेळा विचारल्यावर खूश होऊन शिकवतात.

पादत्राणांबद्दलही लिहिते, कारण हा विषय निघाल्यावर तो प्रसंग आठवतोच. सुरुवातीला मी ज्या ठिकाणी शिकत होते तेथे धावण्याचे बूट चालतील असे सांगण्यात आले. सपाट, जाड तळाचे बूट. एके दिवशी घोडा बिचकून बाजूला सरला, मी खाली आले आणि माझा डावा पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकला. घोडा जुना आणि शहाणा होता, तो जागीच थांबला. नाहीतर मी हा प्रतिसाद लिहायला नसते. घोडेस्वारीच्या बुटाला टाच असते ती फॅशनसाठी नसते. पाय रिकिबीत पुढे सरकू नये म्हणून असते. घोट्यापर्यंतचे, पाऊण इंच टाचेचे, गुळगुळीत तळाचे कोणतेही चामडी बूट चालतात.


सुमन_गिरगाव | सोमवार, सायंकाळी ६.३०

हा धागा मी फार आवडीने वाचते आहे. माझे वय ६१. वडील रेसचे शौकीन होते, त्यामुळे लहानपणी महालक्ष्मीच्या कठड्याला टेकून घोडे पाहिलेले आहेत आणि एकदा तरी बसावे ही इच्छा मनात राहून गेली आहे. तीन वर्षांपूर्वी तपासणीत हाडे ठिसूळ झाल्याचे निघाले. व्यायामाने हाडे बळकट होतात असे सर्वत्र वाचते, तर घोडेस्वारीने तसे होईल काय? नातू म्हणतो, आजी, बस तू, मी धरतो.


फिजिओ_विद्या | सोमवार, रात्री ८.५०

सुमनताई, आपली इच्छा मोडताना वाईट वाटते, पण स्पष्ट लिहिणे भाग आहे. हाडांना बळकटी येते ती आपल्या पायांवर आपला भार पेलण्याने, म्हणजे चालणे, जिने चढणे, वजने उचलणे अशा व्यायामांनी. घोड्यावर भार खोगिरावर असतो, त्यामुळे त्या दृष्टीने फायदा मर्यादित आहे. धोका मात्र पूर्ण आहे. ठिसूळ हाडांच्या व्यक्तीला दुडकीतील साधे आदळणेही मणक्यासाठी बरे नव्हे, आणि पडल्यास खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. ज्यांची चकती सरकलेली आहे, ज्या गरोदर आहेत, जे रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेतात, त्या सर्वांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोड्यावर बसू नये. आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा अवश्य विचारा. मात्र नातवाच्या धरण्यावर विसंबू नका.


अ_ची_आई | मंगळवार, सकाळी ६.५५

विद्याताईंनी कटीच्या हालचालीबद्दल लिहिले आहे, ते वाचून राहवले नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला सेरेब्रल पाल्सी आहे. तिच्या उपचारांचा भाग म्हणून आम्ही तिला दोन वर्षे घोड्यावर बसवत आहोत. एक जण घोडा धरतो, दोघे तिच्या दोन्ही बाजूंनी चालतात आणि थेरपिस्ट बरोबर असते. घोडा केवळ चालतो, दुडकी नाही, दौड नाही. येथील चर्चेच्या भाषेत तो सर्वांत कमी मेटचा प्रकार झाला.

जिला जमिनीवर आधाराशिवाय बसता येत नव्हते, तिच्या कटीला चालण्याची लय पहिल्यांदा मिळाली ती घोड्याच्या पाठीवर. आता ती खुर्चीत आधाराशिवाय बसून जेवते. हे केवळ घोड्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही, कारण तिचे इतर व्यायामही चालू आहेत, आणि प्रत्येक मुलाला तसाच उपयोग होईल असेही नाही. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांच्याविषयी आम्हाला आमच्या थेरपिस्टने सांगितले. पोलिओने गुडघ्यांखाली त्यांच्या पायांत बळ उरले नव्हते, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागे, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये रौप्यपदक मिळवले, आणि तेही पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धा करून. घोडेस्वारीचा उपचार म्हणून जो प्रसार झाला त्यात त्यांच्या उदाहरणाचा मोठा वाटा आहे.

मुलुंडकरांना एवढेच सांगावेसे वाटते की, साध्या चालीची २० मिनिटे ही वाट पाहण्याची वेळ समजून गप्पांत घालवू नका.


पशुवैद्य_परळ | मंगळवार, दुपारी १.१०

आतापर्यंत सर्वांनी स्वाराच्या शरीराविषयी लिहिले. ज्याच्या पाठीवर हे सारे चालले आहे त्याच्या वतीने मी लिहितो. घोड्याने वाहायचे वजन, खोगीर धरून, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. मुंबईत शिकवणीसाठी बऱ्याचदा शर्यतींतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे असतात. त्यांचे वजन ४५० ते ५०० किलो धरले तर मर्यादा ९० ते १०० किलोंची येते. मुलुंडकर खोगिरासह त्यात बसतात. परंतु कमी करायचे वजन जर शंभराच्या पुढचे असेल, तर ते आधी चालून कमी करावे आणि मग घोड्याकडे यावे.

वजनाइतकेच महत्त्वाचे आहे ते वजन कसे बसते. खोगिरावर धपकन आदळणारा ६० किलोंचा स्वार, मांड पक्की असलेल्या ८० किलोंच्या स्वारापेक्षा घोड्याच्या पाठीला जास्त त्रास देतो. विद्याताईंनी वर्णन केलेला पोटाचा आणि कंबरेचा व्यायाम आपण नीट केला तर त्याचा पहिला लाभ घोड्याला होतो. म्हणून घोड्यावर बसण्यापूर्वी जमिनीवर पाच मिनिटे खुबे, पोटऱ्या आणि कंबर मोकळी करून घ्यावी, अशी माझी विनंती असते. फलाटावर गाडीची वाट पाहतानाही ते होते.

जाता जाता: तबेल्यात वावरणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. त्याचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तेथील मातीत असतात, आणि एखादे खरचटणे पुरते.


लाल_माती | मंगळवार, रात्री ९.३५

वरातीमागून घोडे म्हणतात तसा मी उशिरा आलो, पण आमच्या घरी घोडे खरोखरच आहेत. माथेरानला आमचे तीन घोडे दस्तुरी नाक्यावरून पर्यटकांना गावात आणि पॉइंटांवर घेऊन जातात. पुढे मोटारींना मनाई असल्यामुळे आमचा जन्म याच कामात गेला.

मुंबईची मंडळी आमच्या घोड्यावर अर्धा तास बसतात आणि उतरल्यावर 'आज व्यायाम झाला' असे म्हणतात, तेव्हा मला हसू येते. आम्ही घोडा धरून चालतो, पर्यटक पोत्यासारखे बसतात आणि एका हाताने फोनवर छायाचित्रे काढतात. व्यायाम झाला तर तो माझा, कारण मी दिवसाकाठी तोच रस्ता चार-पाच वेळा पायी चढतो आणि उतरतो. मात्र कोणी मनापासून विचारले तर मी सांगतो, की चढावर अंग किंचित पुढे घ्या आणि खोगिराचा पुढचा भाग धरा, उतारावर खांदे मागे ठेवा, टाच खाली दाबा आणि घोडा पाऊल टाकेल तसे कंबरेने त्याच्या बरोबर जा. असे करणाऱ्याला संध्याकाळी पोटऱ्या बोलतात. चौपाटीवर एक चक्कर मारून येण्यात आणि घाटातल्या दगडी वाटेवर तास-दीड तास तोल राखण्यात फरक आहे.

डॉक्टरांनी पाचव्या हिश्श्याचे लिहिले ते बरे केले. आमची घोडी लहान चणीची असतात, काही तर तीनशे किलोंच्या आत. त्या हिशोबाने मोठ्या माणसाला मी नाही म्हणायला हवे, आणि हंगामात ते नेहमी जमत नाही. हे खरे ते लिहिले.


धावता_धोटा | बुधवार, सकाळी ७.००

मी माझे पहिले मत थोडे सुधारतो. डॉक्टरांच्या सल्ल्यापुरता विचार केला, तर जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते आणि ३ ते ६ मेटचा व्यायाम मध्यम गणला जातो. म्हणजे आपली चाल आणि दुडकी दोन्ही त्यात बसतात. कँटर ६ च्या वर असल्यामुळे तीव्र व्यायामात मोडतो व त्याचे मिनिट दुप्पट धरतात. एका शिकवणीची ५० मिनिटे, दोन शिकवण्यांची १००. उरलेली ५० मिनिटे आपण चालून किंवा, मोठ्या मनाने सुचवतो, धावून भरून काढावीत. स्नायूंच्या बळकटीसाठी आठवड्यातून दोन दिवस सांगितलेले असतात. त्यात पाय आणि धड घोड्याने सांभाळले, छाती आणि दंड राहिले असे म्हणता येईल.

एक शंका मात्र विद्याताईंना विचारतो. घोड्यावर नाडी वाढते त्यात भीतीचा वाटा किती?


फिजिओ_विद्या | बुधवार, दुपारी १२.२५

प्रश्न मार्मिक आहे. नवशिक्याच्या बाबतीत वाटा मोठा असतो. भीतीने नाडी वाढते तेव्हा स्नायूंनी त्या प्रमाणात प्राणवायू वापरलेला नसतो, त्यामुळे नुसत्या ठोक्यांवरून ऊर्जाखर्च काढला तर तो फुगलेला येतो. घोडा उभा असताना, नुसते बसल्यावर जी नाडी असेल ती आधी नोंदवावी आणि तिच्यापासून पुढची वाढ पाहावी. माणूस सरावतो तशी ही उभ्या घोड्यावरची नाडी खाली येत जाते.


मुलुंडकर | शनिवार, सकाळी १०.१५

सर्वांचे आभार. गुरुवारी एका मित्राकडून छातीचा पट्टा मागून घेतला आणि आज पहाटे लावला. उभ्या घोड्यावर ९२, चालीत ९८ ते १०४, दुडकीत १३० च्या आसपास, कँटरमध्ये १५१. म्हणजे विद्याताईंच्या हिशोबाने घोडा उभा असतानाच मी थोडा घाबरलेला असतो, कारण घरी खुर्चीत माझी नाडी ७४ आहे. चार महिन्यांनंतरही! रिसालदार साहेबांच्या सूचनेप्रमाणे १० मिनिटे बिनरिकिबीची मागितली. शिक्षकांनी भुवया उंचावल्या, पण दोरीवर धरून दिली. त्या १० मिनिटांत मी दोनदा आयाळ पकडली आणि एकदा शिक्षकांची माफी मागितली. नंतर गाडीत खिडकीची जागा मिळूनही मला ताठ बसवेना.

अर्धा तास आधी जाऊन खराराही केला. मामांनी हातात ब्रश दिला आणि माझे कपडे पाहून म्हणाले, "पांढरा सदरा घालून आलात, आता घरी कळेलच." कळले.

सहकाऱ्याला काय उत्तर द्यायचे ते ठरवले आहे. व्यायाम माझा होतो तो घोडा धावतो म्हणून नव्हे, तो धावत असताना मी पडत नाही म्हणून. त्यावर तो आणखी काही विचारणार हे नक्की. उरलेल्या ५० मिनिटांसाठी संध्याकाळी एक स्थानक आधी, नाहूरला उतरून घरी चालत जायचे ठरवले असून, पहिल्याच दिवशी पावसाने गाठले.


सुमन_गिरगाव | शनिवार, दुपारी ४.४०

विद्याताई, डॉक्टरांना विचारले. त्यांनी बसण्यास स्पष्ट मनाई केली आहे. पण मुलुंडकरांचे वाचून असे वाटले की, खरारा तर जमिनीवर उभे राहून करायचा आहे. तेवढा मला करू देतील काय?


रिकामी_रिकीब | शनिवार, सायंकाळी ५.०५

सुमनताई, मी ज्या घोडीवर बसते ती अठरा वर्षांची आहे, दोरीने बांधलेली असताना डोळे मिटून घेते आणि तिला मानेखाली ब्रश फिरवलेला आवडतो. उद्या नको, पाऊस आहे. पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला महालक्ष्मी स्थानकाबाहेर भेटू, मी बरोबर असेन. बंद बूट घाला, ओढणी किंवा पदर मोकळा ठेवू नका. तिच्याजवळ जाताना समोरून नको आणि मागून तर मुळीच नको. डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे, म्हणजे तिला कळते. मागच्या पायांकडचे आणि खुरांचे काम मामा करतील. गाजरे मी आणते.